‘किलिंग फ्लोअर’: जॅक रीचरची पहिली कादंबरी

बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड वाचत मोठ्या झालेल्या पिढीला एकाच नायकाच्या पाठोपाठ येणाऱ्या पुस्तकांची ओढ समजावून सांगावी लागत नाही. कोल्हापुरात अशा परदेशी मालिका क्रमाने हाती लागतीलच असे नाही. त्यामुळे ली चाइल्ड यांच्या जॅक रीचर मालिकेतील मधली काही पुस्तके आधी वाचून झाल्यावर ‘किलिंग फ्लोअर’ ही १९९७ सालची पहिली कादंबरी मूळ इंग्रजीतून वाचण्याचा योग आला. क्रम उलटा झाल्याने रसभंग झाला नाही, कारण रीचरला घर नाही, नोकरी नाही आणि मागच्या पुस्तकातून पुढच्यात न्यावे असे फारसे काही त्याच्यामागे उरतही नाही.

लष्करी पोलीस दलात मेजर असलेला हा धिप्पाड माणूस नोकरी सुटल्यावर अमेरिकाभर भटकतो आहे. ब्लाइंड ब्लेक या जुन्या ब्लूज गायकाचा माग काढावा एवढ्याच लहरीखातर तो जॉर्जिया राज्यातील मारग्रेव्ह या गावाच्या वाटेवर बसमधून उतरतो, भर पावसात पायी गावात येतो आणि उपाहारगृहात अंडी व कॉफी घेत बसलेला असतानाच, पहिल्याच पानावर, खुनाच्या संशयावरून पकडला जातो. मृताच्या बुटात सापडलेल्या कागदावर गावातील एका सुखवस्तू गृहस्थाचा फोन क्रमांक निघतो आणि रीचरबरोबर तोही तुरुंगात पोहोचतो. याहून अधिक कथानक सांगणे वाचकावर अन्याय करणारे ठरेल.

खरी पकड आहे ती मारग्रेव्हच्या वर्णनात. रस्ते स्वच्छ, हिरवळ कातरलेली, दुकाने नव्याने रंगवलेली. पण गिऱ्हाईक कुठेच नाही आणि तरीही कोणाचे काही अडत नाही. महाद्वार रोडवरील दुकानदारांना एकेका गिऱ्हाइकासाठी झटताना रोज पाहणाऱ्या कोल्हापूरकराला ही समृद्धी रीचरच्याही आधी खटकेल! गावात पैसा येतो कोठून, या साध्या प्रश्नावर लेखकाने शेकडो पानांची उत्कंठा उभी केली आहे, आणि उत्तर सापडते ते मारामारीतून नव्हे, तर कागद, वजन आणि रक्कम यांच्या हिशेबातून. तो हिशेब चाइल्ड यांनी इतक्या सावकाश मांडला आहे की लक्ष देणारा वाचक रीचरच्या बरोबरीने चालू शकतो.

याचे बरेचसे श्रेय प्रथमपुरुषी निवेदनाला द्यावे लागेल. मालिकेतील बहुसंख्य कादंबऱ्या तृतीयपुरुषी आहेत आणि तेथे नायकाच्या मनातील बेत वाचकापासून लपवणे लेखकाला सोपे जाते. येथे मात्र रीचर स्वतः बोलतो, त्यामुळे त्याला जे कळते ते बहुधा आपल्यालाही त्याच क्षणी कळते. तुरुंगातील झटापट घडते काही क्षणांत, पण त्याआधीचा आणि दरम्यानचा त्याचा थंड विचार वाचताना पान उलटण्याची घाई आवरत नाही. वाक्ये तोकडी आहेत, कधी एकाच शब्दाची; इंग्रजी वाचनाचा फारसा सराव नसलेल्यालाही ती जड जाऊ नयेत.

उणिवा आहेत. सारा डोलारा ज्या एका योगायोगावर उभा आहे तो पचवणे कठीण आहे, आणि लेखकालाही हे जाणवले असावे, कारण त्याचे समर्थन करण्यात त्याने बरीच शाई खर्च केली आहे. रॉस्को या पोलीस अधिकारी स्त्रीशी जुळणारे प्रेम उरकून टाकल्यासारखे वाटते. काही खुनांची वर्णने अंगावर येणारी आहेत. घरातील शाळकरी मुलांच्या हाती हे पुस्तक देऊ नये.

२०२० पासून लेखकाचे धाकटे बंधू अँड्र्यू हेही लेखनात सहभागी झाले. ज्यांना मालिकेची नव्याने ओळख करून घ्यायची आहे त्यांनी त्या पुस्तकांकडे वळण्यापूर्वी हे वाचावे. मात्र २०२२ मध्ये आलेल्या ‘रीचर’ या वेबमालिकेचा पहिला भागसंच याच कथेवर बेतलेला असल्याने, तो अजून पाहिला नसेल तर आधी पुस्तकच हाती घ्यावे.