ओकायामाच्या शाळेत तीन आठवडे : विद्यार्थी विनिमय सेवेचा आमचा अनुभव

मे २०२५ मध्ये आमची मुलगी जपानमधील ओकायामा शहरात तीन आठवडे एका कुटुंबाकडे राहिली आणि तेथील हायस्कूलमध्ये रोज वर्गात बसून आली. बेळगावातील मराठी माध्यमाच्या शाळेत तिची नववी नुकतीच संपली होती. ही व्यवस्था पुण्यातील एका संस्थेने तिच्या येथील प्रतिनिधीमार्फत केली. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या एका घरच्या अनुभवावरून केलेल्या आहेत.

आधी खर्च. विमान, व्हिसा, विमा, यजमान कुटुंब आणि स्थानिक प्रवास मिळून २,६०,००० रुपये सांगितले गेले. त्यावर परदेश सहलीच्या पॅकेजवरील त्या वेळचा ५ टक्के टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ वसूल करायचा आयकर), म्हणजे आणखी १३,००० रुपये भरावे लागतील, हे मात्र पहिला हप्ता दिल्यानंतर कळले. ही रक्कम विवरणपत्र भरताना करात वळती होते. म्हणून घरात जो विवरणपत्र भरतो त्याच्याच पॅनवर पावती करून घ्यावी. आम्ही ती चुकून मुलीच्या आईच्या नावे केली होती आणि नंतर बदलून घेण्यासाठी महिनाभर फोन करत राहिलो.

खरा घोळ कागदपत्रांत झाला. संस्थेच्या पुण्यातील कार्यालयाने आमच्याशी झालेले मराठी बोलणे ऐकून अर्जातील राज्याच्या रकान्यात परस्पर ‘महाराष्ट्र’ असे लिहून टाकले आणि मुलीची फाइल बाकीच्या गटाबरोबर मुंबईला पाठवण्याची तयारी केली. १९५६ पासून भिजत पडलेला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला बेळगावचा सीमाप्रश्न त्यांनी एका रकान्यात निकाली काढला, असे आमच्या घरी हसून झाले. पण जपानच्या व्हिसासाठी कर्नाटकातील रहिवाशांचा अर्ज बेंगळूरच्या महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो, मुंबईच्या नव्हे, हे अशा संस्थेला ठाऊक असायलाच हवे होते. ते आम्हीच शोधून त्यांना कळवले आणि मुलीचा अर्ज वेगळा काढावा लागला.

त्यातच दुसरी अडचण निघाली. मुलीचा जन्मदाखला २०१० चा असल्यामुळे त्यावर ‘बेलगाम’ आहे, तर आधार कार्डावर ‘बेळगावी’ आहे, कारण शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले. ही दोन वेगळी गावे नाहीत, हे आम्हाला एका साध्या पत्रात लिहून द्यावे लागले. सीमाभागातील २०१४ पूर्वी जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांनी हे पत्र आधीच तयार ठेवावे. पासपोर्टच्या बाबतीत एक उपयोगी गोष्ट सांगतो : पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना दहा वर्षांच्या मुदतीचा पासपोर्ट १,५०० रुपयांत घेता येतो. प्रतिनिधीने आम्हाला अल्पवयीनांचा कमी मुदतीचाच सुचवला होता.

जाण्यापूर्वीचे आठ ऑनलाइन तास हा या सेवेतील उत्तम भाग होता, जरी त्यातील शिक्षिका जपानी शब्द रोमन अक्षरांत लिहून देत असत. मुलीने दुसऱ्याच दिवशी ते देवनागरीत उतरवायला सुरुवात केली. ‘त्सु’ हा उच्चार इंग्रजी माध्यमातील मुलांना जमत नव्हता; तिला तो चुलीतल्या ‘च’सारखा वाटला आणि प्रश्न मिटला. जपानी वर्णांचा आ, का, सा, ता, ना, हा, मा हा क्रम बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेल्या सिद्धम् या भारतीय लिपीच्या अभ्यासातून आलेला आहे, हे शिक्षिकेने सांगितल्यावर तर तिला तो बाराखडीच्या नात्यातलाच वाटू लागला. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, हेही आमच्या सवयीचेच. संस्थेने मराठी मुलांसाठी या बाजूने धडे रचले, तर आठ तासांत दुप्पट काम होईल.

ओकायामातील शाळेबद्दल मला काही वावगे सांगायचे नाही. दाराशी बूट काढून आतले वेगळे बूट घालणे, तासाच्या आरंभी उभे राहून वाकून नमस्कार करणे, शाळा सुटल्यावर क्लबमध्ये जाणे, हे सगळे माहितीपत्रकात होते तसेच होते. विद्यार्थी स्वतः वर्ग झाडतात, या गोष्टीचे पत्रकात फार कौतुक केले आहे; खानापूरकडच्या खेड्यांतल्या शाळेत झाडलोट करून, सडा घालून मोठ्या झालेल्या माझ्यासारख्याला त्यात नवल वाटले नाही. मुलीला नवल वाटले ते वर्गशिक्षकही फडके घेऊन तिच्या शेजारी फरशी पुसत होते याचे.

जेवणाचा मात्र प्रश्न आला. अर्जात ‘शाकाहारी’ असे लिहिले होते आणि यजमान कुटुंबाने मांस काटेकोरपणे टाळले. पण तिकडच्या सूपपासून भाजीपर्यंत बहुतेक पदार्थांचा पाया असलेल्या ‘दाशी’त सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, हे संस्थेने त्यांनाही सांगितले नाही आणि आम्हालाही नाही. दोन दिवस मुलीने नुसता भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी यजमानीण बाईंनी समुद्री शेवाळ आणि वाळलेल्या अळंब्यांची दाशी करून दिली. बरोबर दिलेले मेतकूट तोपर्यंत त्या घरच्या आजोबांनी भातावर घेऊन अर्धे संपवले होते, असे मुलीने फोनवर सांगितले. (वेळेचा फरक साडेतीन तासांचा आहे, तिचे रात्रीचे नऊ वाजले की आमचा साडेपाचचा चहा होत असे.) भेट म्हणून कुंदा न्यावा, असे घरात ठरत होते, तो टिकायचा नाही म्हणून शेवटी खडे बाजारात खणाच्या छोट्या पिशव्या शिवून घेतल्या. त्यांतली एक यजमानांच्या मुलीच्या डब्याची पिशवी झाली.

एके रविवारी मुलीला ताप आला. पुण्याचा ‘चोवीस तास’ म्हणून दिलेला क्रमांक कोणी उचलला नाही; ओकायामातील समन्वयक मात्र तासाभरात तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि विम्याचे कागद त्यांनीच भरले. कोराकुएन उद्यान आणि ओसाकाचे जागतिक प्रदर्शन दाखवण्याचे आश्वासनही त्यांनी पाळले. प्रदर्शनातील सुमारे दोन किलोमीटर घेराच्या लाकडी वर्तुळाकार मार्गावर मुली इतक्या रमल्या की भारताचे दालन बघायचे राहून गेले.

तेव्हा तिकडच्या बाजूला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, इकडच्या बाजूला दोन. कागदपत्रे स्वतः तपासण्याची तयारी असेल, तर मुलांना जरूर पाठवावे.

एक गोष्ट अजून अडकलेली आहे. या कार्यक्रमाला विनिमय म्हणतात, म्हणजे तिकडची मुलेही इकडे यायची असतात. ती येतात, पण फक्त पुण्याला. तेथे सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. तरी आमच्या मुलीच्या यजमान घरातील मुलीला दोन दिवस बेळगावला आणावे, असा लेखी अर्ज आम्ही केला आहे. राज्याच्या रकान्यात या वेळी मी स्वतःच ‘कर्नाटक’ असे ठळक अक्षरांत लिहिले.