500 चिप्सचा 14 ग्रॅमवाला पोकर सेट: काही महिने वापरून झाल्यावर

सेट बाजारात सगळीकडे दिसतो तोच: 500 चिप्स, प्रत्येकी 14 ग्रॅम, 39 मिमी व्यास, बाहेरून प्लास्टिक आणि आत धातूची चकती. सोबत अॅल्युमिनियमच्या कडांची पेटी, पत्त्यांचे दोन जोड, डीलर बटण (वाटायची पाळी कोणाची हे दाखवणारी चकती). चिप्सवर आकडे नाहीत. रंगांची वाटणी पांढऱ्या 150, लाल 150, हिरव्या 100, निळ्या 50, काळ्या 50. उन्हाळ्यात घेतला, मधे अख्खा पावसाळा गेला. आठ ते दहा जणांच्या टूर्नामेंट, साधा कॅश गेम (मधेच येता-उठता येणारा खेळ) आणि तीन पत्ती, तिन्हीला वापरून झालाय. हिशेब सगळा गुणांचा. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 पासून आहे, त्यामुळे घरी पैशाचा खेळ हा विषयच नको.

आधी वजनाबद्दल, कारण जाहिरात त्याचीच असते. ‘कॅसिनोसारखं वजन’ हे खरं नाही. कॅसिनोतली दाबून घडवलेली क्ले-मिश्रणाची चिप साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमच भरते. आपल्या सेटला जडपणा येतो तो आतल्या चकतीमुळे, आणि त्याच चकतीमुळे आवाजही खणखणीत येतो. हातात घेतली की भारी वाटते हे कबूल. पण 500 गुणिले 14 म्हणजे 7 किलो नुसत्या चिप्स. पेटीचं हँडल दोन छोट्या स्क्रूंवर टांगलेलं, ते काही आठवड्यांत हलायला लागलं. आतून मोठा वॉशर टाकून स्क्रू पुन्हा आवळले की टिकतं. तोवर पेटी खालून धरून उचलावी. याच पैशात साडेअकरा ग्रॅमचा सेट मिळत असेल तर वजनासाठी 14 वाला घेऊ नका, खेळण्यात काडीचा फरक पडत नाही.

रंगांच्या किमतीवरून टेबलावर हमखास वाद होतो. जगभर चालणारा एकच नियम नाही. अमेरिकेत सर्वाधिक रुळलेली पद्धत अशी: पांढरी 1, लाल 5, हिरवी 25, काळी 100, जांभळी 500. न्यू जर्सीत तर रंग सरकारी नियमावलीतच लिहिलेले होते. उलट कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच कार्डरूममध्ये 5 ची चिप पिवळी आणि 100 ची पांढरी. गोव्यात मांडवीतल्या जहाजांवर चिप्स रुपयांत असतात, तिथेही रंग पाठ करून जाण्यात अर्थ नाही, आकडा बघायचा. टूर्नामेंटच्या चिप्सचं तर पैशाशी नातंच नसतं. त्यावर 5,000 लिहिलेलं असलं तरी कॅसिनोच्या पैसे देणाऱ्या खिडकीवर त्याचे 5 रुपयेही मिळत नाहीत.

म्हणून बिनआकड्यांचा सेट घेणं बरोबर ठरलं. आकडे छापलेल्या सेटमध्ये बहुधा 1, 5, 25, 100, 500 असतं, आणि मग 25/50 ब्लाइंडची (पत्ते वाटण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने लावायच्या रकमा) टूर्नामेंट लावायची म्हटलं की 1 आणि 5 च्या मिळून 300 चिप्स पेटीतच पडून राहतात. बिनआकड्यांच्या सेटला मात्र शिस्त लागते: किमती खेळ सुरू व्हायच्या आधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलाच्या मधोमध ठेवायच्या. तोंडी सांगितलेलं तासाभरात विसरलं जातं.

किमती ठरवताना नवखे लोक नोटांकडे बघतात: 10, 20, 50, 100, 200, 500. चिप्सना ही साखळी चालत नाही. दोन शेजारच्या किमतींत चारपट किंवा पाचपट अंतर हवं. दुप्पट ठेवलं (50 आणि 100) तर दोन रंग जवळजवळ एकच काम करतात आणि एक रंग वाया जातो. दहापट ठेवलं तर सुट्ट्यांसाठी सतत खेळ थांबतो. वरची किंमत खालच्या किमतीने पूर्ण भागली जायला हवी, हे दुसरं. 10 आणि 25 एका टेबलावर ठेवून बघा, पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी 25 चे सुटे मागेल आणि दहाच्या चिप्समध्ये ते निघणार नाहीत. 5, 25, 100, 500 ही साखळी आपल्याला जड जायचं कारण नाही. चार पावल्यांचा रुपया होतो तसंच ते आहे.

आता खरा प्रश्न, हा सेट किती जणांना पुरतो. विक्रेते ‘दहा खेळाडूंसाठी’ लिहितात, पण वाटणी सांगत नाहीत. टूर्नामेंटला प्रत्येकी 10,000 आणि सुरुवातीचे ब्लाइंड 25/50 धरू. पांढरी 25, लाल 100, हिरवी 500, निळी 1,000, काळी 5,000 (500 आणि 1,000 दुप्पटच आहेत, तेवढा अपवाद). पुस्तकी वाटणी 12-12-5-6 अशी असते: 300 + 1,200 + 2,500 + 6,000. आठ जणांना निळ्या 48 लागतात, जमतं. नवव्याला 54 लागतात, आणि पेटीत 50 च आहेत. नऊ-दहा जण असतील तर 12-12-7-5 करा: 300 + 1,200 + 3,500 + 5,000. दहा जणांत पांढऱ्या 120, लाल 120, हिरव्या 70, निळ्या नेमक्या 50 जातात. पेटीत उरतात पांढऱ्या 30, लाल 30, हिरव्या 30 आणि सगळ्या काळ्या.

हे उरलेले तीस-तीस फार कामाचे. ब्लाइंड 75/150 वरून 100/200 वर गेले की 25 ची गरज संपते. टेबलावरच्या 120 पांढऱ्या म्हणजे 3,000, त्या बदल्यात 30 लाल द्यायच्या. पुढे 400/800 वरून 500/1,000 वर जाताना 150 लाल परत घ्यायच्या, त्या होतात 15,000, बदल्यात 30 हिरव्या. पेटीतल्या हिरव्या बरोबर संपतात. मधे कोणी रीबाय घेतला (बाद झाल्यावर पुन्हा चिप्स घेतल्या) तर त्याला दोन काळ्या द्या आणि शेजाऱ्याकडून सुटे करून घ्यायला सांगा.

पांढऱ्या गोळा करताना प्रत्येकाकडे एक-दोन-तीन सुट्या उरतातच. त्या तशाच सोडून देऊ नका, चिप रेस लावा. चारच्या पटीत जेवढ्या बसतात तेवढ्या आधी बदलून द्या. मग उरलेल्या प्रत्येक सुट्या चिपमागे एक पत्ता उघडा वाटा, सुरुवात सीट नंबर एकपासून, एका खेळाडूचे सगळे पत्ते एकदम. सुट्या चिप्सची बेरीज करून जितक्या लाल होतात तितक्या, मोठ्या पत्त्यापासून खाली, एकेकाला एक. एका खेळाडूला एकापेक्षा जास्त मिळत नाही. पत्ते समान आले तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हा क्रम. आणि शेवटची चिप रेसमध्ये गेली म्हणून कोणी बाद होत नाही. त्याला एक लाल मिळतेच. हा नियम आधीच सांगून ठेवलेला बरा, भांडण नेमकं तिथेच होतं.

कॅश गेमला ब्लाइंड 1/2 आणि 200 चा बाय-इन (बसताना घ्यायच्या चिप्स) असेल तर पुस्तकातली वाटणी 20-16-4 (1, 5, 25) आठ जणांना पुरत नाही, कारण पांढऱ्या 160 लागतात. 15-17-4 करा: 15 + 85 + 100. तीन पत्तीचा स्वभाव वेगळा. तिथे पत्ते पाहून खेळणाऱ्याची चाल ब्लाइंडच्या (पत्ते न पाहता खेळणाऱ्याच्या) दुप्पट, मग 1, 2, 4, 8 असं वाढत जातं आणि पांढऱ्या चिप्स भसाभस पॉटमध्ये जातात. त्यामुळे 25-15-4 द्या. सहा जणांत 150 च्या 150 पांढऱ्या संपतात, म्हणजे सातवा आला की बूट (डाव सुरू होताना प्रत्येकाने टाकायची रक्कम) 5 करून पांढरी बाजूला ठेवणंच सोयीचं.

आता तक्रार. निळी आणि काळी. दुकानाच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली फरक स्पष्ट दिसतो, घरच्या पिवळ्या दिव्याखाली दोन हात लांबून दिसत नाही. गंमत म्हणजे याच दोन रंगांत 1,000 आणि 5,000 बसवलेले. कॅसिनोच्या चिपवर कडेला जे पट्टे असतात ते शोभेचे नाहीत. प्रत्येक किमतीचे पट्टे वेगळे, म्हणून चळत बाजूने पाहिली तरी आत शिरलेली परकी चिप कॅमेऱ्यात लगेच उठून दिसते. या सेटमध्ये सगळ्या रंगीत चिप्सवर तेच पांढरे पट्टे, त्याच जागी. ज्यांना लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही त्यांची तर पंचाईत, त्यांना लाल आणि हिरवीची चळतही सारखीच.

उपाय स्टिकरचा. चिपच्या मधे गोल खळगा असतो, तो मोजा आणि त्यापेक्षा एक-दोन मिमी लहान गोल लेबल घ्या. खळग्याएवढं घेतलं तर बोटांच्या घर्षणाने कड उचलली जाते आणि तिथे मळ धरतो. पाचशेंना लावत बसू नका. फक्त निळ्या-काळ्या, 100 चिप्स, दोन्ही बाजू मिळून 200 लेबलं. आकडा मात्र छापाच, हाताने लिहिलेली शाई घामाने पसरते. लेबल जाड घेऊ नका. मधे फुगलेली चिप टेबलावर भिंगरीसारखी फिरते आणि तिची चळत डुलते. नव्या सेटमध्ये अशा फिरणाऱ्या चिप्स निघतातच, काचेवर ठेवून बोटाने टिचकी मारली की कळतात. पेटी उघडल्यावर दुसरी तपासणी: प्रत्येक रंगाच्या 20-20 च्या चळती शेजारी ठेवा. चिप 3.3 मिमीची असेल तर चळत 66 मिमी भरते. एखादा रंग खाली-वर दिसला तर सेट परत करा, कारण पुढे मोजणी सगळी उंचीवर चालते. पांढरीची चळत 500, लालची 2,000, हिरवीची 10,000, निळीची 20,000, एवढं पाठ असलं की कोणाचा स्टॅक किती हे नजरेनेच कळतं.

मळ दोन जागी बसतो, कडेच्या खाचांत आणि लेबलभोवती, आणि तो मुख्यतः चिवड्या-भज्यांच्या तेलाचा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश, लगेच पुसून पंख्याखाली. भिजत टाकू नका, सांध्यातून पाणी चकतीपर्यंत जाऊ शकतं. थिनर किंवा नेलपेंट रिमूव्हर लावला तर प्लास्टिकची चकाकी जाते. पावसाळ्यात पेटीच्या आतलं मखमली अस्तर दमट होऊन वास मारतं. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि अधूनमधून पेटी उघडून ठेवा. अस्तर फार बिघडलं तर 100-100 चिप्सचे अॅक्रिलिक रॅक घ्या, पाच ओळी, प्रत्येकीत 20. खेळ संपल्यावर एक चिप कमी असेल तरी ओळीत फट दिसते.

चिप कमी नाही तशी जास्तही नाही ना, हे बघणं महत्त्वाचं, कारण हा सेट कोणालाही विकत मिळतो. 2014 च्या जानेवारीत अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत एका मोठ्या टूर्नामेंटमध्ये 5,000 मूल्याच्या बनावट चिप्स सापडल्या आणि स्पर्धाच रद्द करावी लागली. घरी एवढं कोणी करणार नाही, पण काळ्या चिप्स मोजून काढायच्या आणि मोजून परत घ्यायच्या.

पाचपैकी साडेतीन. सहा-आठ जणांना, वर सांगितलेली वाटणी आणि निळ्या-काळ्यांवर लेबलं, एवढ्यावर छान चालतो. नेहमी दहा जण बसत असतील तर 50 निळ्या जास्तीच्या असलेल्या बऱ्या, त्या सेटसोबतच मागवा. नंतर मागवलेल्या लॉटची निळी छटा आणि जाडी जुळेलच असं नाही, आणि वेगळ्या जाडीच्या चिप्स एका चळतीत आल्या की उंचीवरची मोजणी बंद.