१८९३-एस मॉर्गन डॉलर घेताना: पीसीजीएस, एनजीसी, सीएसी की सुटं नाणं?

मॉर्गन डॉलर म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं, आणि ‘एस’ ही सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीची खूण. त्या टाकसाळीने १८९३ मध्ये हे डॉलर पाडले ते जेमतेम १ लाख. त्यामुळे झिजलेला नगही महाग पडतो, आणि स्लॅबवरच्या (तपासलेलं नाणं बंद केलेल्या प्लास्टिकच्या डबीवरच्या) आकड्यावर, म्हणजे ग्रेडवर, किती भिस्त ठेवायची हा प्रश्न खरा पैशांचा आहे.

अस्सल की नकली, एवढ्यापुरती पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या दोन्ही कंपन्यांवर भिस्त ठेवा. या नाण्यांची तारखेकडची बाजू एकाच साच्यातून निघाली. लिबर्टीतल्या ‘टी’च्या माथ्यावर बारीक, तिरपी, उठावाची रेघ दिसते आणि तारखेतला १ कडेच्या एका दात्याच्या बरोबर वर येतो. फिलाडेल्फियाच्या १८९३ च्या नाण्यावर ‘एस’ चिकटवलेला असेल, तर ही खूण जुळत नाही. सुटं, म्हणजे स्लॅबमध्ये नसलेलं, नाणं स्वस्तात मिळालं तरी १०एक्स भिंगाखाली ही रेघ आणि काट्यावर २६.७३ ग्रॅम वजन तपासल्याशिवाय हात लावू नका. फार झिजलेल्या नगात रेघही पुसट होते. तिथे सुट्याच्या वाटेला न जाणंच बरं.

ग्रेडचं मात्र तसं नाही. व्हीएफ (बऱ्यापैकी झिजलेलं) गटात २५ की ३०, हा फरक सोसवतो. खरी अडचण एयू-५८ (किंचित वापरलेलं) आणि एमएस-६१ (न वापरलेलं) यांच्या सीमेवर आहे. कानावरचे केस आणि गरुडाची छाती इथली चकाकी किंचित तुटली, तर एक ग्रेडर त्याला वापरातली झीज म्हणेल, दुसरा नाण्यावर नाणं घासल्याचा डाग म्हणेल. किंमत तिथेच मोठी उडी घेते. हलक्या हाताने साफ केलेल्या नाण्याचंही तेच: कधी आकडा मिळतो, कधी आकड्याविना नुसतं ‘डिटेल्स’ (अस्सल, पण बिघडलेलं) असं लेबल.

यात आणखी एक गोम आहे. १८८१-एससारखं मुबलक नाणं सहसा कोणी ग्रेडिंगला परत पाठवत नाही. पण इथे फी किरकोळ आणि फायदा मोठा, म्हणून कमी ग्रेड मिळालेलं नाणं स्लॅब फोडून पुन्हा पाठवलं जातं. सढळ हाताने ग्रेड दिलेलं नाणं मात्र आहे त्याच स्लॅबमध्ये राहतं. परिणामी बाजारात दिसणारे आकडे वरच्या बाजूला झुकतात, आणि जुनी लेबलं परत न केल्यास एकच नाणं पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये (कोणत्या ग्रेडची किती नाणी तपासली, त्या कंपनीच्या यादीत) दोनदा मोजलं जातं.

म्हणून व्हीएफपर्यंत पीसीजीएस की एनजीसी यावर डोकं शिणवू नका. मूळ रंगाचं, न घासलेलं नाणं निवडा. एयू-५० पासून पुढे सीएसीच्या (स्लॅबमधली नाणी पुन्हा तपासणाऱ्या कंपनीच्या) हिरव्या स्टिकरचे जास्तीचे पैसे मोजायला हरकत नाही: नाणं त्या ग्रेडमध्ये भक्कम बसतं, असं तिसऱ्या नजरेचं मत त्यामुळे मिळतं. स्टिकर नसेल तर विक्रेत्याला सरळ विचारा की नाणं सीएसीकडे जाऊन आलंय का; कधी पाठवलंच नसेल तर तो दोष नव्हे. पैसे देण्याआधी सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि फोटो असेल तर एकेक ओरखडा जुळवून बघा, कारण स्लॅबही नकली येतात.