पहिला लाँगबो: आपल्या खांद्याला झेपणारा, सोलापूरच्या उन्हात टिकणारा

आधी निकाल, मग कारणं. मध्यम बांध्याच्या प्रौढ माणसाने सोलापुरात राहून पहिला लाँगबो, म्हणजे चाकं नसलेलं लांब, साधं धनुष्य, घ्यायचा असेल, तर तो ६८ इंची, तीन तुकड्यांत सुटणारा, लाकडी पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी फायबरग्लास चढवलेला आणि स्वतःच्या खेचीवर (आपण दोरी जितकी मागे ओढतो त्या अंतरावर) २५ ते २८ पाउंड भरणारा असावा. सडपातळ माणसाने किंवा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलीने २० ते २४ पाउंडांवर थांबावं. यापेक्षा जड धनुष्य ‘हळूहळू सवय होईल’ म्हणून घेणं ही या छंदातली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, म्हणून पाउंडांपासूनच सुरुवात करू.

लिम्बवर, म्हणजे मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या पात्यावर, ‘३० @ २८’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ दोरी २८ इंचांपर्यंत खेचली तर ३० पाउंड. आता तुमची खेच किती? दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजा आणि त्याला अडीचने भागा. साडेपाच फुटांचा पसारा म्हणजे ६६ इंच, म्हणजे खेच साधारण २६.४ इंच. त्यात लाँगबो धरताना कोपर किंचित वाकलेलं राहतं, त्यामुळे अर्धा-एक इंच आणखी कमी होऊ शकतो. दर इंचाला दोन ते अडीच पाउंडांचा फरक पडतो. म्हणजे ३० लिहिलेलं धनुष्य या माणसाच्या हातात २५-२६ भरेल. उलट ज्याची खेच २९ आहे त्याला तेच ३२ ला जाईल. दुकानदाराला नुसतं ‘तीस पाउंडाचा द्या’ सांगू नका, खेच सांगून मागा.

महाराष्ट्रात तिरंदाजी म्हटलं की डोळ्यापुढे कंपाउंड, म्हणजे चाकांचं धनुष्य, येतं, आणि ते साहजिक आहे. सातारच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडचं जागतिक विजेतेपद मिळवलं, त्याच स्पर्धेत पुरुषांचं विजेतेपद ओजस देवतळेने घेतलं. पण कंपाउंडचे आकडे लाँगबोला लावू नका. ५० पाउंडांच्या कंपाउंडला ८० टक्के लेट-ऑफ (चाकांमुळे शेवटी कमी होणारा भार) असेल, तर पूर्ण खेचल्यावर बोटांवर फक्त दहा पाउंड उरतात. लाँगबोला चाकं नाहीत. नेम धरून उभं राहिल्यावरच सगळ्यात जास्त भार असतो. जिममध्ये दंड कमावलेला माणूसही इथे फसतो, कारण हे काम दंडाचं नाही, दोन खवाट्यांच्या मधल्या स्नायूंचं आहे. भार झेपत नसला की खेच अर्धवट राहते, हात हनुवटीच्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत बोटं सुटतात आणि पुढचा खांदा कानाकडे चढतो. ही सवय एकदा लागली की हलकं धनुष्य हातात आलं तरी जात नाही. चाचणी सोपी आहे: दोरी गालापर्यंत आणा, दहा अंक मोजा, सावकाश परत सोडा (हातातून निसटू न देता). असं सलग सहा वेळा न थरथरता जमलं तर ते धनुष्य तुमचं.

आता प्रकार. बाजारात ‘लाँगबो’ या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिलं आपलं देशी बांबूचं धनुष्य, इंडियन राऊंड या देशी धनुष्यांच्या स्पर्धाप्रकारात चालतं ते. स्वस्त असतं, सहज मिळतं आणि शाळकरी मुलांना स्पर्धेत उतरायचं असेल तर तेच घ्यावं. पण दोन नग सारखे निघत नाहीत. पाउंड बऱ्याचदा लिहिलेलेच नसतात, म्हणून बॅगा तोलायचा डिजिटल काटा सोबत न्या. मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंत २६ इंच आणि वर पाव इंच अंतर होईपर्यंत खेचा. लिहिलेला २८ इंचांचा आकडा त्याच जागेचा असतो, कारण मापात पावणेदोन इंच मिळवायची पद्धत आहे. काट्यावर १२ किलो दिसले तर साडेसव्वीस पाउंड समजा.

दुसरा इंग्लिश लाँगबो. ‘डी’ अक्षरासारखा जाड छेद, बाण टेकवायला खाच नाही, बाण थेट मुठीवरून जातो. दिसायला देखणा, हातात घेतला की ठेववत नाही. पण सुटताना मनगटाला धक्का देतो, बाणाचं पीस पहिल्या बोटाच्या सांध्याला घासतं आणि त्या हातात मोजा घालावा लागतो. दुसरं धनुष्य म्हणून जरूर घ्या, पहिलं म्हणून नको.

तिसरा सरळ किंवा हलकासा मागे-पुढे वळवलेला फ्लॅटबो, ज्याला रिफ्लेक्स-डिफ्लेक्स म्हणतात. लिम्ब रुंद आणि पातळ, बाणाला खाच, फायबरग्लासचं कवच. धक्का बराच कमी. नवख्याला हाच योग्य. तो अखंड मिळतो तसा सुटा होणाराही मिळतो, आणि तीन तुकड्यांचा तो आपला चौथा. अखंड ६८ इंच म्हणजे पावणेसहा फुटांची काठी. कुरियरवाला ती आडवी-उभी कशी टाकेल याची खात्री नाही, आणि पुण्याला शिबिराला न्यायची तर इंद्रायणीच्या डब्यात ठेवायची कुठे हा प्रश्न. तीन तुकड्यांचा पाठीवरच्या पिशवीत मावतो. त्याहून मोठा फायदा असा की सहा-आठ महिन्यांनी पाठ तयार झाली की त्याच मुठीला ३० पाउंडांचे लिम्ब लावता येतात. मूठ थोडी जड असल्याने धक्काही शोषला जातो. तोटा एकच: बोल्ट सैल होतात. दर वेळी दोरी चढवण्यापूर्वी ते बोटांनी तपासा आणि लिम्ब बसतो त्या खोबणीत मातीचा कण नाही ना, बघा. एवढासा खडा लिम्ब तिरका बसवायला पुरतो.

लांबीबद्दल एवढंच: २८ इंचांपर्यंत खेच असेल तर ६६ ते ६८, त्याच्या वर ७०. आखूड धनुष्य बोटं चिमटतं आणि शेवटच्या दोन इंचांत एकदम जड होतं. पुढेमागे वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या लाँगबो गटात उतरायचं मनात असेल, तर तिथे पुरुषांसाठी किमान १६० आणि महिलांसाठी १५० सेंटीमीटर लांबी लागते, बाण लाकडीच लागतात आणि तीन तुकड्यांचं धनुष्य चालेल असं गृहीत धरू नये. नियम आधी वाचा.

माल हातात आल्यावर पैसे परत मिळण्याची मुदत असेपर्यंतच तपासणी उरका. दोरी न चढवता कापसाचा बोळा दोन्ही लिम्बवरून, कडांवरून, टोकापासून मुठीपर्यंत सावकाश फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे चीर किंवा उठलेला धागा आहे. नखाला लागेल अशी आडवी चीर असेल तर धनुष्य परत पाठवा. लांबीच्या दिशेने केसासारख्या रेषा असतील तर घाबरू नका, पण फोटो काढून ठेवा. मग दोरी चढवा आणि धनुष्य उभं धरून वरच्या टोकाकडून खाली एका डोळ्याने बघा. दोरी मुठीच्या मधोमध पडली पाहिजे. ती एका बाजूला सरकली असेल तर लिम्बला पीळ आहे. शेवटी मुठीलगत, लिम्ब जिथून वाकायला लागतो तिथे दोरीपासूनचं अंतर वर आणि खाली मोजा. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली धरून मारणार असाल तर वरचं अंतर दोन-तीन मिलिमीटर जास्त हवं, तिन्ही बोटं खाली धरणार असाल तर दोन्ही जवळपास सारखी. खालचं अंतर ठळकपणे जास्त निघालं तर लिम्ब उलटे लावलेत का पाहा, नाहीतर घडणच चुकलेली आहे.

दोरी चढवायला स्ट्रिंगर नावाची जाड दोरी मिळते, ती धनुष्यासोबत घ्याच. पाय मध्ये घालून मांडीवर वाकवायची पद्धत व्हिडिओत रुबाबदार दिसते, पण लिम्बला पीळ बसतो तो बहुतेक याच पद्धतीने. स्ट्रिंगरचा मोठा कप खालच्या टोकावर, खोगीर वरच्या लिम्बवर, पायाखाली दोरी, मूठ सरळ वर ओढायची, वरचा फास सरकवत लिम्बच्या टोकाच्या खाचेत बसवायचा. पाय सैल करण्याआधी दोन्ही फास खाचेत नीट बसलेत का हे डोळ्यांनी बघायचं, अंदाजाने नाही. दोरी डॅक्रॉनची, म्हणजे थोड्या ताणल्या जाणाऱ्या धाग्याची, असावी. कमी ताणली जाणारी फास्ट-फ्लाइट दोरी थोडा वेग वाढवते, पण ज्या लिम्बची टोकं त्यासाठी मजबूत केलेली नाहीत ती फाटतात. मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर बनवणाऱ्याने सांगितलं असेल तेवढं ठेवा, या प्रकारात ते साधारण सात ते साडेसात इंच असतं. नवी डॅक्रॉन पहिल्या शंभरेक बाणांत ताणली जाते, अंतर कमी होतं आणि दोरी मनगटावर फटके मारू लागते. काढून दहा पीळ द्या, परत मोजा.

उन्हाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण परदेशी माहितीपत्रकं सोलापूरचा मे महिना डोळ्यापुढे ठेवून लिहिलेली नसतात. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. पट्ट्या जोडणारा गोंद त्या उष्णतेत मऊ पडतो आणि थर सुटतात. धनुष्य डिकीत ठेवून ‘पाच मिनिटांत येतो’ करू नका, दोरी चढवलेली असेल तर मुळीच नाही. काळ्या फायबरग्लासचा लिम्ब पारदर्शक काचेखाली लाकूड दिसणाऱ्या लिम्बपेक्षा जास्त तापतो. दोन्ही मिळत असतील तर लाकूड दिसणारा घ्या. निव्वळ लाकडाचं अखंड धनुष्य इथे नवख्याने टाळावं: मे महिन्यात लाकूड इतकं कोरडं पडतं की ठिसूळ होऊन मोडतं, आणि सप्टेंबरच्या पावसात ओल धरून कायमचं वाकतं. उन्हाळ्यात सकाळी साडेआठच्या आत सराव आटपा, लगेच दोरी उतरवा, घरी भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. कोपऱ्यात टोकावर उभं करून ठेवलं तर खालचा लिम्ब हळूहळू वाकतो.

बाण न लावता दोरी कधीच सोडू नका, पाहुण्यांना गंमत दाखवायलाही नाही. जी ऊर्जा बाणाबरोबर जायची ती लिम्बमध्येच परत येते आणि थर फाटतात. अति हलका बाणही थोडाफार हेच करतो. दर पाउंडाला दहा ग्रेन (बाणाच्या वजनाचं छोटं माप) हा हिशेब धरा. २८ पाउंडांना किमान २८० ग्रेन, ३०० धरले तर एक बाण साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. घरातल्या वजनकाट्यावर सहा बाण एकत्र ठेवा, ११७ ग्रॅम भरले की हिशेब जुळला.

बाणाची लवचिकता, म्हणजे स्पाइन, धनुष्याइतकीच महत्त्वाची. लाँगबोची मूठ मध्यापर्यंत कापलेली नसते, बाणाला तिला वळसा घालून जावं लागतं. ताठ बाण उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावीकडे जातो, फार लवचिक उजवीकडे. ३० पाउंडांच्या आतल्या धनुष्याला कार्बनचे ८०० ते १००० स्पाइनचे बाण पाहा, लांबी खेचीपेक्षा दीड-दोन इंच जास्त ठेवा, कारण पहिल्या काही महिन्यांत खेच वाढते. पिसं खरीच हवीत. प्लास्टिकचे पंख खाचेवर आपटून बाण उडवतात. नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) दोरीवर अडकवून बाण खाली लोंबू द्या: लटकून राहिला पाहिजे आणि दोरीला टिचकी मारली की पडला पाहिजे. कार्बनचा बाण दगडावर आपटला असेल तर कानाजवळ धरून वाकवा, जरा पिळा. कुरकुर ऐकू आली तर मोडून फेकून द्या, कारण तो सुटताना हातात घुसतो.

एकूण रकमेतला साठ टक्क्यांहून जास्त वाटा धनुष्यावर घालू नका. आठ बाण, टॅब (बोटांसाठी), आर्मगार्ड (मनगटासाठी), स्ट्रिंगर, सुटी दोरी हे सगळं त्याच दिवशी लागतं. शहरातल्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत लाँगबो सहसा मिळत नाही, मागवावाच लागतो. म्हणून सगळं एकाच खेपेत मागवा.

टार्गेट मात्र विकत घेऊ नका, त्या बाबतीत सोलापूर श्रीमंत आहे. गारमेंटची कात्रणं आणि टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतली चिंधी पोत्यात ठासून भरली की उत्तम टार्गेट होतं. भरताना चेन, बटणं, हूक निवडून काढा, ते बाणाचं टोक बोथट करतात. दोन थरांचं पोतं घ्या, दर वीतभर भरलं की पायाने दाबा, तोंड सुतळीने शिवा आणि पोतं टांगण्याऐवजी दोन विटांवर ठेवून मागे टेका. सुरुवात आठ-दहा मीटरवरून करा. मागे जुनी जाड सोलापुरी चादर दुहेरी करून, खालून मोकळी सोडून टांगली तर चुकलेल्या बाणाचा जोर मरतो, पण तिच्या भरवशावर राहू नका, त्यामागे भिंत किंवा मातीचा बांध हवाच. २८ पाउंडांच्या धनुष्याचा बाण वर सुटला तर शंभर मीटरच्या पलीकडे सहज जातो, म्हणून उघड्या मैदानावर किंवा गच्चीवर सराव नको. नान्नजच्या माळरानाकडे तर धनुष्य घेऊन फिरकूही नका, ते माळढोकचं अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथल्या काळविटांनाही संरक्षण आहे. काळ्या रानात, मातीच्या बांधापुढे, उन्हाळ्यात मारायचं असेल तर बाणाला भडक रंगाची पिसं लावा, भेगेत शिरलेला बाण नाहीतर सापडत नाही. पोत्याचा मधला भाग महिनाभरात पोकळ होतो. शिवण उसवून चिंधी मध्यात पुन्हा ठासा, आणि दर आठवड्याला पोतं फिरवून नवी बाजू पुढे आणा.