हंसराज घेतला, औषध परत केलं

रोपांना चार तारे, सल्ल्याला एक.

जूनमध्ये मुलुंड पूर्वेच्या एका नर्सरीतून हंसराजाची (हा एक नेचा, म्हणजे फर्न) दोन रोपं आणली, एकशे वीसला एक. रोपं तरारलेली. काड्या काळ्याभोर, चकचकीत, तेल लावून विंचरलेल्या केसांसारख्या. नवं पान बाळाच्या मुठीसारखं गुंडाळून वर येतं नि हळूहळू उलगडतं. आडिअँटम हे हंसराजाच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव 'न भिजणारं' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. नळाखाली धरून पाहिलं, थेंब खरंच घरंगळतात.

महिन्याने पानांच्या कडेला तपकिरी पट्टे दिसले. फोटो दाखवला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, कीड लागलीय," आणि दीडशेची बाटली हातात ठेवली. घरी येऊन भिंग काढलं (ह्यांचं, तिकिटांच्या छंदातलं). कीड कसली! पानाची कड खाली दुमडलेली आणि त्या दुमडीच्या आतल्या अंगाला बीजाणूंच्या पिशव्या. पुष्कळ नेच्यांत त्या पानाच्या पाठीवर ठिपक्यांसारख्या असतात. हंसराजात थेट दुमडलेल्या कडेवरच, हीच त्याची खूण. फूल नाही, बी नाही, पुढची पिढी तिथूनच. त्यावर औषध मारायला निघाले होते मी!

बाटली परत घेतली, पण पैसे दिले नाहीत. बदल्यात एक कुंडी गळ्यात मारली.

आणखी एक, ते भरून देतात ती चिकट लाल माती घरी आल्याआल्या बदला. मी कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं खत घातलं. कुंडी आता बाथरूमच्या खिडकीत आहे.