‘कृत्तिकेतून निरोप आणतो’ म्हणणाऱ्याने माझ्या आईचे ४,५८,००० रुपये नेले

आकडा आधी लिहितो, कारण तो लपवून कोणाचंच भलं होणार नाही. ४,५८,००० रुपये. माझा धाकटा भाऊ २०२३ च्या पावसाळ्यात दुचाकीच्या अपघातात गेला. त्याच्या विम्याचे पैसे आईच्या नावे ठेव म्हणून ठेवले होते, त्यातून ही रक्कम ‘गेलेल्या माणसाचे निरोप आणून देतो’ म्हणणाऱ्या एका माणसाकडे गेली.

हिशेब असा. नोंदणी १,५००. दोन दिवसांच्या ‘संपर्क शिबिरा’चे माणशी ११,०००, म्हणजे आई आणि मी मिळून २२,०००. घरी ठेवायचं ‘के-२ मीटर’ १८,५००. ‘स्पंदन जुळवणी’ ५१,०००. ‘वाहिनी उघडणे’ १,२५,०००, हे रोख, आणि त्याची पावती नाही. शेवटी गच्चीवर बसवायच्या अँटेनाचे २,४०,०००. तो अँटेना आजपर्यंत आलेला नाही.

पैशाचा पाऊस, गुप्तधन, राईस पुलर, मांडूळ हे फसवणुकीचे प्रकार आपल्याला माहीत आहेत. मलाही माहीत होते. अशा बातम्या मी स्वतः नातेवाइकांना पाठवत आलो आहे, ‘सावध राहा’ असं लिहून. पण हा माणूस त्या वेशात येत नाही. अंगारा नाही, लिंबू नाही, अमावस्या नाही. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप, प्रोजेक्टर. सगळे त्याला ‘सर’ म्हणतात. नारायणगावजवळच्या खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिथे आपण अनेक वर्षं काम केलं असं तो सांगतो. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांचे फोटो, त्यांच्यासमोर उभा असलेला तो. तबकडीसमोर फोटो कोणालाही काढता येतो, हे आता सुचतंय.

त्याच्या पहिल्याच स्लाइडवर जानेवारी २०२३ ची बातमी होती: खोडदच्या दुर्बिणीने ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला संदेश पकडला. बातमी खरी आहे, म्हणूनच ती घातक आहे. पकडला गेला तो एका दूरच्या दीर्घिकेतल्या (गॅलॅक्सीतल्या) हायड्रोजन वायूचा क्षीण रेडिओ सिग्नल. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वामुळे तो सुमारे तीसपट तीव्र झाला, म्हणून सापडला. त्यात कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. ‘सिग्नल’चा ‘संदेश’ या माणसाने केला, आणि सभागृहात बसलेल्या माणसांना तो फरक विचारायला जागाच ठेवली नाही. खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास प्रदर्शन भरतं, सामान्य माणसाला आत जाता येतं. तिथे जाऊन एवढंच विचारा, हा गृहस्थ कधी तुमच्याकडे होता का? हे पैसे भरण्याआधी विचारायचं असतं.

त्याचं म्हणणं असं की माणूस गेल्यावर त्याची चेतना कृत्तिका या तारकापुंजाकडे जाते, तिथले ‘ज्येष्ठ’ तिला सांभाळतात आणि योग्य वाहिनी मिळाली तर निरोप पाठवतात. ही कथासुद्धा उसनी आहे. स्वित्झर्लंडचे बिली मायर १९७० च्या दशकापासून कृत्तिकेतल्या लोकांशी भेटी होत असल्याचे दावे करत आले, उडत्या तबकड्यांचे फोटो दाखवत आले आणि ते फोटो बनावट असल्याचे आरोपही तेव्हापासूनचे आहेत. आमच्या सरांनी त्यात फक्त मृतांची भर घातली, कारण पैसे तिथे आहेत. आणि कृत्तिका आपल्यापासून साधारण ४४० प्रकाशवर्षं दूर आहे. रेडिओ लहर प्रकाशाच्याच वेगाने जाते. आज प्रश्न पाठवला तर उत्तर यायला पावणेनऊशे वर्षं लागतील. आईने रात्री विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सकाळच्या चहाला आलं होतं.

आता तो क्षण, ज्याने मला अजून झोप लागत नाही.

डिसेंबर २०२४. पुणे-नगर सीमेवरचं एक फार्महाऊस. सगळ्यांचे फोन बंद करून एका पिशवीत जमा केलेले, ‘लहरींना अडथळा येतो’ म्हणून. खोडदच्या परिसरात मोबाइल बंद ठेवायला सांगतात, हे खरं आहे. तोच नियम त्याने इथे आणला, त्यामुळे तो मला शास्त्रीय वाटला. संध्याकाळी त्याने आम्हाला मोकळ्या शेतात गोलात बसवलं. पूर्वेला कृत्तिकेचा पुंजका दिसत होता. तो म्हणाला, ‘सहा पन्नासला ते येतील.’ सहा पन्नासला त्याने हात वर केला आणि आभाळात दिव्यांची एक सरळ रांग निघाली, एकामागून एक, आवाज नाही, काही नाही. मध्यावर येऊन एकेक दिवा विझत गेला. ‘दार बंद झालं,’ तो म्हणाला. आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

मागच्या रांगेत आईबापांबरोबर आलेला एक मुलगा होता, दहावी-अकरावीतला. तो स्पष्ट म्हणाला, ‘हे स्टारलिंक आहे.’ मी ऐकलं. सरांनीही ऐकलं. ते हसले आणि म्हणाले, ‘बाळा, त्यांना ओळखीचं रूप घ्यावं लागतं.’ त्या मुलाच्या वडिलांनी त्याला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी ते कुटुंब दिसलं नाही. आणि हात वर करण्याआधी सरांनी खिशातला फोन काढून पाहिला होता, हेही मी पाहिलं होतं. आमचे सगळ्यांचे फोन पिशवीत, त्यांचा खिशात. तिथे उठायला हवं होतं. आईचा हात धरून, गाडी काढून, १,५०० आणि २२,००० वर पाणी सोडून निघायला हवं होतं.

स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे उपग्रह मे २०१९ पासून मोठ्या संख्येने सोडले जातात. सोडल्यावर सुरुवातीचे काही दिवस ते रांगेत फिरतात. आपल्याकडे अंधार पडला तरी त्या उंचीवर ऊन असतं म्हणून चमकतात, पृथ्वीच्या सावलीत शिरले की विझतात. तुमच्या गावावरून ते कधी जाणार याची वेळ मोबाइलवर फुकट मिळते. कोणी आकाशातल्या गोष्टीची मिनिटासकट वेळ सांगितली, तर ती वेळ त्याने कुठेतरी वाचलेली आहे.

लोक मला विचारतात, तुम्ही इलेक्ट्रिकलवाले, तुम्हाला कसं कळलं नाही? माझा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आहे, आयुष्य पॅनेल वायरिंगमध्ये गेलं. त्यांना माझं उत्तर एकच. गेलेल्या मुलाचा शर्ट उशीखाली ठेवून झोपणारी आई घरात असेल तेव्हा माणूस मीटर बघत नाही, आई बघतो. ती त्या शिबिरानंतर वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवली. मी ते जेवण विकत घेत होतो. हे ज्याला कळत नाही त्याने मला शहाणपण शिकवू नये.

तरीही त्या के-२ मीटरबद्दल लिहिलंच पाहिजे. विद्युतचुंबकीय क्षेत्र आलं की त्यावरचे दिवे लागतात, एवढंच ते यंत्र करतं. सर म्हणायचे, दिवे लागले म्हणजे ‘तो’ आला. नंतर घरी मी ते मिक्सरजवळ नेलं, राउटरजवळ नेलं, कॉल चालू असलेल्या मोबाइलजवळ नेलं. प्रत्येक वेळी ‘तो’ आला. शिबिरात सरांच्या खिशात चालू फोन होताच. दुसरी पेटी ‘आवाजाची’. तिच्यात रेडिओची स्टेशनं भराभर बदलत जातात, खरखरीतून तुटके शब्द येतात, आणि ज्याला ऐकायचं आहे त्याला त्यात हाक ऐकू येते. आईला ऐकू आली.

मग भावाच्या खासगी गोष्टी त्याला कशा कळल्या? हा प्रश्न मला आईने शंभरदा विचारला. अगं, तूच सांगितल्यास. नोंदणीच्या फॉर्मवर मृत व्यक्तीची तारीख, आवडनिवड, ‘अपुरी राहिलेली इच्छा’ असे रकाने होते. शिवाय एक ‘सेविका ताई’ रोज दुपारी आईला फोन करायची, मायेने तासभर बोलायची. जे दुपारी ताईला कळायचं ते रात्री कृत्तिकेतून यायचं. असा मायाळू फोन तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सुरू झाला असेल तर आजच चौकशी करा.

अँटेनाचे २,४०,००० गेल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढलं. ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जायची सोय चालू होती, त्यामुळे निम्मा पुरावा गेला. स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढत चला.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याविषयी. आमच्या ठाण्यात पहिला प्रश्न, ‘पैसे स्वखुशीने दिलेत ना?’ दुसरा, ‘शिबिर कुठल्या हद्दीत झालं?’ तिकडच्या ठाण्यात गेलो तर म्हणाले, पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडे नोंदवा. खातं तिसऱ्याच शहरातलं. मी सांगितलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. त्यावर साहेब म्हणाले, ‘वकील आहात का?’ सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला. तो क्रमांक ऑनलाइन पैसे गेल्या गेल्या, खात्यातून पुढे सरकायच्या आत लावायचा असतो. मला उशीर झाला होता. बँकेत गेलो तर ‘ओटीपी तुम्हीच टाकलात’. पावत्यांवर ‘स्वेच्छा देणगी’ छापलेलं होतं, ते दाखवून सगळ्यांनी हात वर केले. देणगीची पावती घेऊन सेवेचे पैसे कधीही देऊ नका, पुढे तीच तुमच्याविरुद्ध दाखवतात.

आणि जादूटोणाविरोधी कायदा! डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला तेव्हा कुठे या राज्याने तो कायदा केला. त्याच्या अनुसूचीत चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे मिळवणं स्पष्ट नोंदलं आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५,००० ते ५०,०००. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमलेला असतो. मी त्या कलमाची छापील प्रत टेबलावर ठेवली. समोरच्या हवालदाराने विचारलं, ‘नरबळी झालाय का?’ मी नाही म्हटलं. ‘मग कसला जादूटोणा? हे तर विज्ञानाचं शिबिर आहे, तुमच्याच पावतीवर लिहिलंय.’ कायदा करायला एका माणसाचा जीव गेला, आणि तो ठाण्यातल्या माणसाला ठाऊकच नाही! मला अदखलपात्र तक्रारीचा कागद देऊन वाटेला लावलं. एकाने तर जाता जाता विचारलं, ‘मग भाऊ काय म्हणाला?’ बाकीचे हसले. त्या हसण्याची तक्रार कुठे करायची?

शेवटी अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) एका कार्यकर्त्याने मदत केली. ठाण्याने नकार दिला तर त्याच कलम १७३ खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवता येते, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अधीक्षकांना पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं आहे, पोच माझ्याकडे आहे. तोंडी काही बोलू नका, प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या.

आई माझ्याशी धड बोलत नाही. ती म्हणते, ‘तू तक्रार केलीस म्हणून तो बोलायचा थांबला.’ पैसे एकवेळ परत मिळतील. हे त्या माणसाने माझ्या घरात करून ठेवलंय, त्याला कलम कुठलं लावणार?

त्याच्या पुढच्या शिबिराची जाहिरात फिरायला लागली आहे, फी आता माणशी १५,०००. अधीक्षक कार्यालयात मला सांगितलं की एकट्याची तक्रार असली की ती घरगुती गैरसमजासारखी दिसते. आणखी तिघं सह्या करायला तयार झाले आहेत. ज्यांनी त्याला पैसे दिलेत, त्यांनी लाज बाजूला ठेवून बँकेचं स्टेटमेंट आणि ती ‘देणगी’ची पावती काढून ठेवावी आणि आपल्या जिल्ह्याच्या अधीक्षकांना त्याच कलम १७३ खाली पत्र टाकावं. आणि शेतात ‘हे स्टारलिंक आहे’ म्हणणाऱ्या त्या मुलाच्या वडिलांनी हे वाचलं, तर त्यांची साक्ष मला सगळ्यात जास्त हवी आहे.