जेर्सचे रस्ते, एक पूर्ण मोसम चालवल्यावर: मुख्यतः उतारावरच्या खडीबद्दल

फ्रान्समधल्या तुलूझला विमान कारखान्यांमुळे आपली माणसं बरीच आहेत, आणि त्यातल्या रोड बाइकवाल्यांना कधी ना कधी पश्चिमेकडचा जेर्स जिल्हा खुणावतोच. २०२५ च्या टूर द फ्रान्सचा बारावा टप्पा जेर्सच्या मुख्य गावाहून, ओशहून, सुटून पिरेनीजमधल्या ओताकामला गेला, तेव्हापासून तर विचारणा वाढली आहे. वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत तिथे चालवून माझं मत असं झालंय: जरूर जा. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये तुलूझहून ओशकडे चालवू नका, ओशहून तुलूझकडे या. असं का, ते सांगण्यातच हा लेख बराचसा खर्च होणार आहे. फाटलेल्या टायरचे पैसे गेलेत आणि त्याचा राग अजून आहे.

आधी जमीन समजून घ्या, नाहीतर दिशेचा मुद्दा कळणार नाही. दक्षिणेला पिरेनीजच्या पायथ्याशी लान्नमेझांचं पठार आहे. तिथून हाताची बोटं पसरावीत तशा नद्या उत्तरेकडे निघतात: साव, जिमोन, आरात्स, जेर्स, बाईझ. दोन नद्यांच्या मध्ये लांबट डोंगरधार. त्यामुळे उत्तर-दक्षिण गेलात तर खोऱ्यातून किंवा धारेवरून आरामात जाता. पूर्व-पश्चिम निघालात की चढ, उतार, पूल, पुन्हा चढ. तुलूझ ते ओश या दिशेला लील-जूर्दांला साव, जिमोंला जिमोन, ओबिएला आरात्स आणि ओशला जेर्स ओलांडावी लागते, मधल्या ओढ्यांची गणतीच नको. एकेक चढ फार तर शंभर मीटरच्या आसपास. बोपदेव घाटात एकदा वर पोचलं की काम संपतं. इथे ते संपतच नाही. संध्याकाळी एकूण चढाईचा आकडा बघाल तेव्हा पटेल.

नकाशावर चटकन न दिसणारी गोष्ट म्हणजे ही खोरी दोन्ही बाजूंना सारखी नाहीत. नदीच्या डाव्या काठाची, म्हणजे पश्चिमेची बाजू लांब आणि सौम्य असते. उजव्या काठाची, पूर्वेची बाजू एकदम उभी. याचा संबंध भूगोलवाले सहसा हिमयुगातल्या हवामानाशी जोडतात. आपल्यापुरता अर्थ इतकाच, की तुलूझहून ओशकडे जाताना उभा उतार आणि सौम्य चढ मिळतो, आणि उलट येताना सौम्य उतार आणि उभा चढ. आडवाटांवर हा उभा चढ सात-आठ टक्क्यांचा सहज असतो, क्वचित दहाच्याही वर जातो.

साहजिकच वसंतात मी सोपी दिशा धरली. सकाळच्या गाडीने लील-जूर्दांपर्यंत जायचं, तिथून ओशपर्यंत सायकल, आणि परतीला पुन्हा रेल्वे. एन १२४ हा मोठा रस्ता टाळायचा, मिशलँच्या नकाशावरचे पांढरे, म्हणजे अगदी छोटे रस्ते धरायचे. ते दिवस फार सुंदर गेले. पिवळ्या डोक्याचे मैलाचे दगड, हिरवा गहू, हवा स्वच्छ असली की धारेवरून दक्षिणेला पिरेनीजची बर्फाळ रांग, आणि अर्धा-अर्धा तास एकही मोटार नाही. मागून आलीच तर चालक अंतर राखून जातो; गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर लांबून जाण्याचा कायदा आहे आणि इथे तो बऱ्यापैकी पाळलाही जातो. तेव्हा कोणी विचारलं असतं तर डोळे मिटून याच दिशेची शिफारस केली असती.

मग ऊन तापलं आणि ग्राव्हियों, म्हणजे बारीक खडी, असं लिहिलेल्या पाट्या उगवल्या. पिवळ्या त्रिकोणात मोटारीच्या चाकाखालून दगड उडताना दाखवलेत, ती पाटी. जिल्ह्याचे रस्ते इथे असे राखतात: गरम, कोरड्या दिवसांत जुन्या डांबरावर पातळ डांबरी द्रव फवारायचा, त्यावर बारीक खडी पसरायची, रोलर फिरवायचा आणि रस्ता लगेच वाहतुकीला मोकळा करायचा. उरलेली खडी वाहनांच्या चाकांनी दाबली जाते आणि काही काळाने सुटी खडी झाडून नेतात.

इथेच गोम आहे. मोठ्या रस्त्यावर मोटारींची रीघ असते, तिथे खडी लवकर बसते. आपण हौसेने शोधून काढलेल्या रस्त्यावर मोटारच नसते, म्हणून तिथली खडी आठवडेच्या आठवडे सुटी राहते. ज्या शांततेसाठी तिथे जावं, तीच खडी बसू देत नाही. जी काही थोडी वाहनं जातात त्यांच्या दोन चाकोऱ्या तेवढ्या साफ होतात. मधला पट्टा, कडा आणि वळणाची बाहेरची बाजू खडीने भरलेली असते. सपाटीवर चाकोरी धरून निभावता येतं. पण उभ्या उतारावर, झाडीच्या सावलीत वळण आलं की चाकोरी दिसत नाही, ब्रेक जोरात लावता येत नाही, आणि पाटी मात्र खूप मागे, उताराच्या वर राहिलेली.

जिमोनच्या खोऱ्यात उतरताना अशाच एका वळणावर मागचं चाक सरकलं. पडलो नाही, पण टायरची बाजू कापली गेली. आतून जुन्या टायरचा तुकडा लावून, ट्यूब टाकून, अगदी कमी हवेवर स्टेशन गाठलं. असा तुकडा पिशवीत ठेवाच. वजन नसतं, पैसे लागत नाहीत.

टायर जेमतेम एक मोसम जुना. दुकानदाराने तो हातात घेतला, बघितला आणि दगडाने कापलं म्हणजे वॉरंटी नाही असं सांगून परत दिला. नियम असेल तसा. पण विकताना याच माणसाने हा टायर या भागातल्या रस्त्यांसाठी खास योग्य म्हणून पन्नास युरोंच्या घरात गळ्यात मारला होता, आणि या भागातले रस्ते दर उन्हाळ्यात असेच असतात हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं. दोनदा मेल पाठवली, उत्तर आलं नाही. दुसरा टायर तिथून घेतला नाही.

त्या रागात मी ऑगस्टमध्ये जेर्सला अजिबात जाऊ नका असं सगळ्यांना सांगत होतो. सप्टेंबरमध्ये ते मत बदललं. ज्या वळणावर टायर गेला त्याच रस्त्याने पुन्हा गेलो, तर खडी झाडून नेलेली, पृष्ठभाग घट्ट, आणि संपूर्ण उतारावर एकही खड्डा नाही. मैलोन्‌मैल वस्ती नसलेल्या, दिवसाला चार ट्रॅक्टर जाणाऱ्या रस्त्यावर खड्डा नाही, ही किती मोठी गोष्ट आहे ते आपल्याकडच्या पावसाळ्यात सायकल चालवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. डांबराच्या भेगांतून पाणी आत शिरलं की रस्ता आतून सुटतो. ही पातळ थराची पद्धत ते पाणी वरच अडवते, आणि नवा डांबरी रस्ता करण्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात. इतके छोटे रस्ते सांभाळायला दुसरा उपाय मलाही दिसत नाही. तरी उताराच्या मध्यावर आणखी एक पाटी लावायला काय हरकत आहे, हे माझं म्हणणं कायम आहे.

म्हणून दिशा उलटवली. आता रेल्वेने ओशला जातो आणि तिथून पूर्वेकडे निघतो. उभा भाग चढावर येतो, तिथे वेग इतका कमी की खडीचा काही त्रास नाही. उतार लांब आणि सौम्य, पुढचं सगळं दिसतं. पाय जास्त दुखतात हे खरं. पश्चिमेचा वारा असला तर पाठीवर येतो. ओतां सुटला असेल तर मात्र घरीच थांबा. आग्नेयेकडून येणारा हा वारा सबंध वाटभर समोरून झोडपतो.

पाण्याला पैसे घालवू नका. प्रत्येक गावात स्मशानभूमी असते आणि तिथे बहुतेक नळ असतो. पिण्यायोग्य नाही अशी पाटी नाही ना, तेवढं बघून बाटली भरा. खाण्याचं मात्र अवघड आहे. बारा ते दोन गावं बंद, सोमवारी बेकरीही पुष्कळदा बंद, आणि पुढच्या गावात दुकान असेलच असं नाही. आम्ही डब्यात पराठे नेतो.

पश्चिमेच्या टोकापर्यंत जाणार असाल तर जिल्ह्याची हद्द ओलांडून लाबास्तीद-दार्मान्याकजवळचं नोत्र-दाम दे सिक्लिस्त हे छोटं चर्च पाहा. १९५९ पासून ते सायकलस्वारांचं म्हणून मानलं जातं आणि आत शर्यतींमधल्या जर्सी टांगल्या आहेत. १९७३ चा टूर जिंकणारा लुईस ओकान्या लहानपणी स्पेनहून जेर्समध्ये आला, इथल्याच रस्त्यांवर तयार झाला आणि त्याचं लग्न याच चर्चमध्ये लागलं. मी तिथे ठरवलं होतं त्यापेक्षा बराच वेळ थांबलो. हे चढ, हे वारे सोसून कोणीतरी टूर जिंकला, हे तिथे उभं राहिल्यावर फार जवळचं वाटतं.

टायर आता ३२ मिलिमीटरचे घेतलेत, मध्यम किमतीचे, जाड बाजूचे, आणि हवा पूर्वीपेक्षा कमी ठेवतो. नव्या खडीवरची थरथर त्यामुळे निम्म्यावर आली. २५ मिलिमीटरच्या टायरवर येणार असाल तर मे-जून किंवा सप्टेंबरच निवडा. सूर्यफुलं बघायची असतील तर जुलै टाळता येत नाही, मग वर सांगितलेली दिशा पाळा. रेल्वेत सायकलीचं वेगळं तिकीट लागत नाही, पण जागा मोजक्याच असतात. रविवारी संध्याकाळी भरतात, म्हणून सकाळीच सायकल गाडीत टाकून ओशला जाणं आणि परत चालवत येणं याही हिशेबाने बरं पडतं. रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस सोडली असेल तर तीत सायकल घेतीलच याची खात्री नाही, तेव्हा आदल्या रात्री वेळापत्रक पाहूनच निघा.